भाव आला, पण कोणाच्या हाती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अटल सेतूच्या या टोकाला होऊ घातलेल्या नव्या शहरामुळे, म्हणजे 'तिसऱ्या मुंबई'मुळे, उरणच्या जमिनींना सोन्याचा भाव आल्याची तुमची कालची बातमी वाचली. भाव आला हे खरे. तो कोणाच्या पदरात पडला, याबद्दल मात्र बातमीत एक ओळही नाही. त्याचा संताप झाला, म्हणून हे पत्र.

सेतूचे खांब खाडीत उभे राहत होते तेव्हाच माझ्या चुलतभावाने चिरनेरकडची भातशेती विकली. दलाल पडवीत येऊन बसला. झेरॉक्स नकाशा पसरला, आमच्या गट नंबरभोवती लाल पेनाने गोल काढला आणि म्हणाला, "दादा, यावर आरक्षण पडणार. मग सरकार देईल तेवढंच घ्यावं लागेल." भाऊ घाबरला. आधी साठेखत, मग खरेदीखत. खरेदीखतात निम्मीही रक्कम दाखवली नाही, बाकीची रोख. आज त्या शेताला पत्र्याचे कुंपण आहे. गुंठ्याचा आजचा भाव ऐकला की वहिनीच्या डोळ्यांत पाणी येते.

अटल सेतूवर १७ हजार कोटींहून अधिक खर्च झाला, तो तुमच्या-आमच्या पैशातून. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी उरण, पनवेल, पेणमधली १२४ गावे नव्या शहरासाठी एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, गेली. उद्या भूसंपादन कायदा लावला, तर मोबदला ठरवताना आजूबाजूला गेल्या तीन वर्षांत नोंदलेली खरेदीखतेही पाहिली जाणार. खोटे, कमी आकडे लिहून घेतले दलालांनी. फटका बसणार ज्याने जमीन राखली त्याला!

सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धच्या १९८४ च्या आंदोलनात आमचे पाच जण हुतात्मे झाले, त्यानंतर कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड पदरी पडले. सेतूचे काम सुरू झाल्यापासून या १२४ गावांत कोणी किती जमीन घेतली, ती यादी सरकारने गावागावांत चावडीवर लावावी. तुमच्या वार्ताहरानेही ती मागावी.

आणखी एक. त्या कुंपणवाल्यांनी भराव टाकून आमचा ओढा बुजवला आहे. पावसाळ्यात पाणी भातात तुंबते, आवण, म्हणजे भाताची रोपे, कुजतो. अर्ज दिला, पोच मिळाली, पाहणीला कोणी फिरकले नाही. पेरणीच्या आत तो ओढा मोकळा झाला पाहिजे.

– एक शेतकरी, ता. उरण, जि. रायगड