रविवारच्या लेखन-वाचन बैठकीची सूचना

आपल्या ख्रिस्ती मंडळीतील सर्व बंधुभगिनींना प्रभूच्या नावात सलाम.

येत्या रविवारी उपासनेनंतर, सकाळी साडेअकरा वाजता, उपासनामंदिरामागील कडुनिंबाखाली लेखन-वाचनाची बैठक होईल. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांना मराठी वाचक ‘फुलामुलांचे कवी’ म्हणतात. मुलांसाठी लिहिणारी आणि प्रभूची भजने रचणारी त्यांची लेखणी एकच होती, हे ध्यानात ठेवून प्रत्येकाने मुलांसाठी पानभर मजकूर स्वतः लिहून आणावा. पहाटे मोहफुले वेचताना ओंजळीला लागणारा गार ओलावा, असे स्वतः अनुभवलेले काहीही चालेल. मात्र शेवटी उपदेश जोडू नये, मुले तो लगेच ओळखतात.

झाडीबोलीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या बोलीत, लिहिल्यास विशेष आनंद होईल. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी गोष्ट तोंडी सांगावी. संडे स्कूलची मोठी मुले ती उतरवून घेतील.

– सचिव, मंडळी समिती