काचेचा थर काढणारे द्रावणच काचेवर थर सोडते

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय: गाडीच्या काचा आतून पुसण्याचे द्रावण व त्याचा संच सदोष असल्याबद्दल, पैसे परत मिळणे आणि लेबल दुरुस्त करणे याबाबत

महोदय / महोदया,

तुमच्या कंपनीचा गाडी आतून स्वच्छ करण्याचा संच मी विकत घेतला. त्यात काचेसाठी फवाऱ्याची बाटली, डॅशबोर्डसाठी पॉलिश आणि एक मायक्रोफायबरचे फडके आहे. काचेच्या द्रावणावर ठळक अक्षरांत दावा छापलेला आहे, की आतून बसलेला धुरकट थर एकदा पुसताच जातो आणि काचेला टिकाऊ चमक येते. माझ्या गाडीच्या काचेवरचा थर गेलेला नाही. आधी तो नुसता करडा होता, आता त्यात तेलकट रंगीत पट्टे आले आहेत.

दिवसा, ऊन डोक्यावर असताना, काच ठीक दिसते. दुकानात प्रात्यक्षिक बघणाऱ्यालाही ती ठीकच दिसेल. खरी परीक्षा सूर्य खाली उतरून समोर येतो तेव्हा किंवा रात्री समोरून गाडी येते तेव्हा होते. थरातल्या बारीक थेंबांवर आणि फडक्याच्या ओरखड्यांवर प्रकाश विखुरतो आणि अख्खी काच दुधाळ होते. त्या क्षणी रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस दिसत नाही. त्यामुळे ही तक्रार शोभेच्या वस्तूबद्दलची समजून बाजूला ठेवू नये.

तुमच्या मदत क्रमांकावर मला आधी सांगितले, फडके बदला. मग सांगितले, द्रावण जास्त झाले असेल. शेवटी एका प्रतिनिधीने समजावले की गाडी नवी आहे, नव्या गाडीचा वास जाईल तसा थरही जाईल. या तिसऱ्या उत्तरात अर्धे सत्य आहे आणि त्याचाच मला जास्त राग आला, कारण याचा अर्थ थर कशाचा आहे हे तुमच्या लोकांना ठाऊक आहे.

डॅशबोर्ड, दारांचे पॅनेल, सीटचे आवरण यांतले प्लास्टिक मऊ राहावे म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेले असतात. बंद गाडी उन्हात तापली की त्यातला काही भाग वाफ होऊन सुटतो आणि त्या मानाने गार असलेल्या काचेवर जाऊन बसतो. वाहन उद्योगात याला फॉगिंग म्हणतात आणि त्यासाठी डीआयएन 75201 (जर्मन मानक) आणि आयएसओ 6452 (आंतरराष्ट्रीय मानक) अशी प्रमाणित चाचणीसुद्धा आहे. आतल्या सजावटीच्या मालाचा तुकडा 100 अंश सेल्सिअसला 3 तास तापवतात, वर 21 अंशांवर गार ठेवलेली काच असते आणि तिच्यावर बसलेल्या थरामुळे परावर्तन किती घटले ते मोजतात. दुसऱ्या पद्धतीत काचेऐवजी अॅल्युमिनियमची फॉइल ठेवून 16 तासांनी जमलेल्या थराचे वजन करतात. त्यात भर पडते ती हातांच्या तेलाची, श्वासातल्या ओलाव्याची, बाहेरून येणाऱ्या धुराची आणि कोणी गाडीत सिगारेट ओढत असेल तर त्या चिकट्याची. (माझ्या गाडीत कोणी ओढत नाही, हेही मला फोनवर दोनदा सांगावे लागले.)

म्हणजे हा थर तेलकट आहे. साध्या पाण्याने तो निघत नाही, इकडचा तिकडे होतो. त्याला विरघळवणारे काहीतरी लागते, आणि विरघळल्यावर तो पुन्हा काचेवर सुकण्याआधी कोरड्या फडक्याने उचलावा लागतो. काचेचे द्रावण बनवणाऱ्याला हे मी शिकवण्याची गरज नसावी.

तरीही माझे म्हणणे नुसते तोंडी राहू नये म्हणून मी दोन गोष्टी करून पाहिल्या. दोन्हींचे फोटो सोबत आहेत.

पहिली अगदी सोपी आहे, तुमच्या प्रयोगशाळेत कोणालाही करता येईल. स्वच्छ आरसा आडवा ठेवून त्यावर शेजारी शेजारी दोन थेंब टाकले, एक तुमच्या द्रावणाचा आणि एक आयसोप्रोपिल अल्कोहोल व डिस्टिल्ड वॉटर यांच्या मिश्रणाचा. दोन्ही आपोआप सुकू दिले. अल्कोहोलचा थेंब कुठे होता ते शोधावे लागले. तुमच्या थेंबाच्या जागी मात्र नाण्याएवढा गोल, किंचित चकचकीत डाग राहिला. त्यावर बोट फिरवले तर ते निसटते, आणि बोटाचा ठसा त्यात स्पष्ट उमटतो. आरशावर तोंडाची वाफ सोडली की बाकी सगळीकडे सारखे धुके धरते आणि तो डाग कडेसकट वेगळा उठून दिसतो. तिथे आरशावर दुसरे काहीच नव्हते, गाडी नव्हती, प्लास्टिक नव्हते आणि माझे फडकेही नव्हते. जे राहिले ते तुमच्या बाटलीतून आलेले आहे.

दुसरी गोष्ट गाडीत केली. समोरच्या काचेवर आतून, मधल्या आरशाच्या खालून सरळ खाली मास्किंग टेप लावली. एका बाजूला तुमचे द्रावण, लेबलवर लिहिले आहे अगदी तसेच, तुमच्याच फडक्याने. दुसऱ्या बाजूला अल्कोहोलचे मिश्रण, दारे उघडी ठेवून, एका फडक्याने पुसून लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घेतले. आतून हात उभे फिरवले आणि बाहेरून आडवे, म्हणजे पट्टा दिसला तर तो कुठल्या बाजूचा हे लगेच कळते. अंधार पडल्यावर एका गाडीला समोर दिवे लावून उभे केले. अल्कोहोलच्या बाजूने दिव्याचा गोळा गोल दिसतो. तुमच्या बाजूने त्याच गोळ्याला चहूबाजूंनी केस फुटतात, आणि ते केस उभ्या पट्ट्यांमधूनच फुटतात. म्हणजे दोष आतल्या बाजूचा, आणि तुमच्या अर्ध्या भागाचा. फडके बदलून नवे घेतले तरी तेच झाले. द्रावणाला हात न लावता फडक्याला दोष देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

आता कारणाबद्दल. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत सुगंध आणि 'सिलिकॉन चमक घटक' असे दोन शब्द आहेत. टिकाऊ चमक यायची तर काहीतरी काचेवर टिकून राहायलाच हवे. मग ते टिकून राहिलेले काहीतरी म्हणजेच थर. काचेला चमक कोणी मागितली होती? डॅशबोर्डला चमक हवी असे म्हणणारे असतील, त्यांची आवड. काचेकडून एवढीच अपेक्षा असते की ती आहे हे बसलेल्या माणसाच्या लक्षात येऊ नये. तुमच्या लेबलावरचे दोन दावे एकाच ओळीत शेजारी शेजारी छापलेले आहेत आणि त्यातला दुसरा खरा असेल तर पहिला खोटा ठरतो.

संचातल्या पॉलिशबद्दल वेगळे पत्र लिहावे असे वाटत होते, पण इथेच लिहितो. तेही सिलिकॉनचे आहे. डॅशबोर्डवर ते लावले की त्याची झळाळी समोरच्या काचेत प्रतिबिंबित होते आणि दिवसा काचेवर डॅशबोर्डचे भूत तरंगत राहते. वर दोन्ही कामांना एकच फडके. पॉलिश लावलेल्या फडक्याने काच पुसणारा ग्राहक काचेवर सिलिकॉन फासतो आणि मग ते काढायला तुमचे द्रावण आणखी फवारतो. बाटली लवकर संपेल, हे खरे. फडक्याच्या वेष्टनावर ते फॅब्रिक सॉफ्टनर घालून धुवावे अशी सूचना आहे. मायक्रोफायबर सॉफ्टनरमध्ये धुतले की धाग्यांवर त्याचा लेप बसतो, ते ओल टिपत नाही आणि काचेवर रेघा ओढते. ही सूचना कोणी मंजूर केली ते एकदा विचारून पाहा.

वापराच्या सूचनांत याहून गंभीर चुका आहेत. द्रावण थेट काचेवर फवारा असे सांगितले आहे. समोरची काच आतून तिरकी असते, फवारलेले सगळे ओघळून डॅशबोर्डच्या जाळ्यांत आणि स्पीकरमध्ये जाते. मधल्या आरशामागे ज्या गाड्यांना कॅमेरा आहे तिथे तर काय होईल याचा विचारच झालेला नाही. आधी फडक्यावर फवारून मग पुसा, एवढे एक वाक्य पुरले असते. हट्टी डाग ब्लेडने खरवडा असेही लिहिले आहे, आणि ते सर्व काचांसाठी. मागच्या काचेवर डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून धुके घालवणाऱ्या, बारीक रेषा आतल्या बाजूनेच छापलेल्या असतात. ब्लेड त्यांच्यावरून गेले की रेषा तुटते आणि तिथे काच तापत नाही. त्या रेषांना समांतर, हलक्या हाताने पुसायचे असते.

शेवटचा मुद्दा सन फिल्मचा. समोर 'सन फिल्मसाठी सुरक्षित' असा हिरवा शिक्का आहे आणि मागे घटकांत अमोनिया आहे. अमोनिया असलेली द्रावणे फिल्मवर वापरू नयेत असे फिल्म बनवणारेच सांगतात, कारण त्याने फिल्म खराब होते. माझ्या गाडीला फिल्म नाही, त्यामुळे माझे या बाबतीत नुकसान झाले असे मी म्हणत नाही. पण तो शिक्का वाचून ज्याने बाटली घेतली असेल त्याचे काय?

माझ्या मागण्या अशा. संपूर्ण संचाचे पैसे परत मिळावेत, बदली बाटली किंवा पुढच्या खरेदीवरची सूट नको. प्रतिनिधीने दोन्ही देऊ केल्या होत्या आणि मी तेव्हाच नाकारल्या. द्रावणात काचेवर मागे राहणारे घटक कोणते, याचे लेखी उत्तर तुमच्या तांत्रिक विभागाकडून यावे. नेमके प्रमाण हे तुमचे व्यवसायगुपित असेल तर ते देऊ नका, पण नावे द्या. सन फिल्मचा शिक्का आणि ब्लेडची सूचना नव्या छपाईची वाट न पाहता, विक्रीला गेलेल्या मालावरही पट्टी चिकटवून रद्द करावी. आणि मदत क्रमांकावरच्या लोकांना हे पत्र वाचायला द्यावे, म्हणजे पुढच्या ग्राहकाला त्याने सिगारेट ओढली का असे विचारून वेळ काढला जाणार नाही. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना जे लिहून दिले आहे तेच ते वाचतात.

उरलेली अर्धी बाटली मी टाकून दिलेली नाही. तुमच्या माणसाने येऊन ती तपासणीसाठी न्यावी, मात्र नेताना पोच द्यावी. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. फोन करू नये. फोनवर काय बोलले गेले हे नंतर कोणालाच आठवत नाही, असा या प्रकरणातला अनुभव आहे.

आपला,
एक ग्राहक

सोबत: खरेदीच्या पावतीची प्रत, बाटलीच्या पुढच्या व मागच्या लेबलचे फोटो, बॅच क्रमांकासह, आरशावरच्या थेंबांचे फोटो, सुकण्याआधी व नंतर, टेप लावलेल्या काचेचा रात्रीचा फोटो