काका, त्या एका कोकराचं मनाला लावून घेऊ नका

ती. काका,
सा. न.

आमच्या मेंढ्या सांभाळून झाल्यावर त्यांच्या वाड्याची किल्ली परत देताना तुम्ही मान वर केली नाहीत. पैशाचं नाव काढलं तर हात जोडलेत, आणि "एक कोकरू गेलं माझ्या हातून" एवढंच बोलून निघालात. समोर बसून काही सांगायला जावं तर तुम्ही विषय बदलणार, म्हणून हे चारचौघांत लिहितेय. मेंढ्या राखणारं कुणी वाचलंच, तर कोण कुणाचं देणं लागतं हे त्यांनीच ठरवावं.

मामंजींचं ऑपरेशन ठरलं ते नेमकं मेंढ्यांचे दिवस भरत आले असताना. मेंढी साधारण 147 ते 150 दिवसांत विते आणि मेंढा एकदम सोडला की वेतंही एकदमच येतात. घरात राबणारे आम्ही तिघं. त्यातले एक खाटेवर आणि दोघं त्यांच्या उशाशी. गाय-म्हैस एक वेळ कुणाच्याही भरवशावर सोडता येते, दुखलंखुपलं तर ती हंबरून सांगते तरी. मेंढी सांगत नाही. कळपात मागे पडलेलं जनावर लांडग्याचं, हे तिच्या रक्तात इतकं भिनलंय की पाय टेकेपर्यंत ती बाकीच्यांसारखीच चरल्याचं सोंग करते. तिला राखायला नुसता माणूस असून भागत नाही, त्याच्याकडे पारखी नजर असावी लागते.

तुमची नजर कशी आहे ते मला तुम्ही ठेवून गेलेल्या वहीत दिसलं. शाळेची जुनी वही, मागच्या पानांवर कुणाची तरी गणितं आणि पुढे तुमचं बारीक अक्षर:

"कपाळी. पोटात जुळी असावीत. खुराकाला तोंड लावेना, कळप सोडून भिंतीकडे तोंड करून उभी. डॉक्टरांना संध्याकाळीच बोलावले."

दुसऱ्या कुणी "उद्या बघू" म्हटलं असतं, आणि उद्या ती उठलीच नसती. पोटातल्या कोकरांची खरी वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. जुळी असली की पोटात चाऱ्याला जागा उरत नाही आणि भूक तर दुप्पट. मग ती अंगावरची चरबी जाळत सुटते आणि त्याचंच विष होतं. कपाळी वाचली. तिचं एक कोकरूही वाचलं, आत्ता मी लिहितेय तर दारातली बादली पाडून पळालंय.

आणि ठिपकीची रात्र. ती तुम्ही दोन ओळींत उरकलीत: "एक पाय मागे होता. सरळ करून घेतला." हे किती सहज लिहिलंत! कोकरू यावं कसं, तर पुढचे दोन खूर आणि त्यांच्यावर टेकलेलं नाक. एक पाय मागे दुमडला की खांदा अडतो आणि ओढाल तितकं ते आणखी रुततं. मला माहीत आहे तुम्ही काय केलं असेल ते. कळ ओसरेपर्यंत थांबलात, कोकरू हलकेच आत लोटलंत, तो कोवळा खूर मुठीत झाकून घेतलात म्हणजे मेंढीची गर्भपिशवी फाटू नये, आणि मग पाय पुढे आणलात. कंदिलाएवढ्या उजेडात, गुडघ्यांवर बसून, या वयात.

त्याच्या पुढची नोंद मी यांना मोठ्याने वाचून दाखवली: "अंग गार. तोंडात बोट घातले, चोखेना. आधी ऊब दिली, मग चीक." गारठलेल्या कोकराला घाईने पाजलं तर गिळता न आल्याने दूध फुप्फुसात जातं. आणि ऊब देण्यात फार वेळ घालवूनही चालत नाही, कारण चिकातली ताकद आतड्यात शोषली जाते ती पहिल्या काही तासांतच, दिवस उलटला की ते दार बंद. तीन किलोच्या कोकराला एका वेळी दीडशे मिली, हेही तुम्ही मोजून लिहिलंय. भांडं कुठलं वापरलंत ते मात्र कळलं नाही. माझं मापाचं भांडं सापडत नाहीये, तेवढं बघा.

जंतांच्या औषधावरून आपलं पूर्वी वाजलं होतं. सगळ्या कळपाला एकजात पाजावं या मताचे हे, आणि डोळ्याची खालची पापणी उलटून बघावी, पांढरीफट असेल, म्हणजे जंतांनी रक्त शोषलेलं असेल, तिलाच द्यावं या मताचे तुम्ही. सगळ्यांना पाजलं की औषधाला न जुमानणारे तेवढे जंत मागे उरतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते, हे तुमचं म्हणणं. वहीत एकेकीच्या नावापुढे 'लाल', 'फिकट', 'पांढरी' असं लिहिलंय. यांनी ती पानं वाचली, काही बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी पापण्या बघायला स्वतः बसले. तुम्ही जिंकलात असं समजा.

तुमच्या गाईंचं क्षारमिश्रण घरात पोतंभर असूनही त्यातलं चिमूटभर इकडे आणलं नाहीत. त्यातलं तांबं गाईला पचतं, मेंढीच्या यकृतात मात्र साठत जातं. आणायला बंदी कुणी केली होती? आठवण ठेवलीत ती तुमची तुम्हीच.

आता त्या कोकराचं. आधी व्यायलेलीचं एकुलतं, सगळ्यांत दांडगं. रात्री आईला ढुसण्या देत पीत होतं आणि सकाळी ताठ पडलेलं. डॉक्टर म्हणाले आंत्रविषार, म्हणजे आतड्यात विष तयार होणं. हा रोग रोडक्याला सोडतो आणि भरपूर दूध पिणारं, अंगाने भरलेलं जनावर उचलतो. लस टोचूनही एखादं हातचं जातं. तुम्ही रात्रभर उशाशी कंदील घेऊन बसला असतात तरी करण्यासारखं काही हाती लागलं नसतं. आमच्या देखतही अशी गेली आहेत, आणि तेव्हा समजूत घालायला तुम्हीच आला होतात. ते विसरलात?

तेव्हा पैसे नको तर नको. पण लेकीकडे जायचं तुम्ही किती दिवस पुढे ढकलताय, "जनावरांचं कोण बघणार" म्हणून? तारीख ठरवा. तुमच्या त्या दात पडलेल्या म्हाताऱ्या मेंढीला चारा बारीक कापून लागतो हे मला ठाऊक आहे. बाकी कुणाच्या काही खोडी असतील तर याच वहीत लिहून ठेवा, अर्धी कोरीच आहे.

तुमची,
शेजारची सून