सोबतीचा प्रश्न : लेकीस पत्र

चि. लेकीस,
प्रभू येशूच्या नावाने सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. गेले काही महिने तुझी प्रार्थना कोरडी पडली आहे, तेव्हा एखाद्या आध्यात्मिक मार्गदर्शकाकडे जावे का, असे तू विचारतेस. आणि त्याच पत्रात पुढे लिहितेस की मंडळीतल्या दोन तरुण मुली मन मोकळे करायला तुझ्याकडे येऊ लागल्या आहेत, त्यांना काय सांगावे हे तुला सुचत नाही. या दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर एकच आहे. आधी स्वतःसाठी सोबत, म्हणजे तुझे ऐकून घेणारा असा मार्गदर्शक, शोध. ज्याचे कोणी असे मनापासून ऐकून घेतलेले नाही, त्याला दुसऱ्याचे ऐकताना गप्प राहणे फार जड जाते, आणि या सेवेत गप्प राहणे हेच निम्मे काम आहे.

या सोबतीत नेमके काय घडते, ते तुला माझ्याच अनुभवातून सांगते. तुझे आजोबा गेले, त्यानंतर मला प्रार्थनेला बसवेना. बसले तरी शब्द ओठांवरच राहत. मी तेव्हा ज्या सिस्टरांकडे महिन्यातून एकदा जात असे, त्यांच्यापुढे मी बराच वेळ बोलले : आजोबांच्या वेदना, रात्रंदिवस केलेल्या विनवण्या, आणि त्या कोणी ऐकल्याच नाहीत ही मनातली आढी. सिस्टर मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. माझे बोलणे थांबल्यावरही त्या काही वेळ तशाच बसून राहिल्या आणि मग त्यांनी एवढेच विचारले, "हे तुम्ही त्याला सांगितलेत का?" मी ते सगळ्यांना सांगितले होते, देवाला मात्र सांगितले नव्हते. देवाशी असे बोलायचे नसते, अशी माझी समजूत होती. त्यांनी मला स्तोत्र ८८ वाचायला दिले. त्या स्तोत्राचा शेवट अंधाराच्या उल्लेखानेच होतो, त्यात समाधानाची एकही ओळ पुढे जोडलेली नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. त्या आठवड्यात मी देवाशी भांडले, आणि ती माझी कित्येक महिन्यांतली पहिली खरी प्रार्थना होती. सिस्टरांनी मला दुःखाचे स्पष्टीकरण दिले नाही, सांत्वनाचे वचनही ऐकवले नाही. त्यांनी मला देवासमोर नेऊन बसवले आणि त्या बाजूला झाल्या.

लूककृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायातला अम्माऊसचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाच. येशूच्या क्रूसावरील मरणाने दोन शिष्य खिन्न होऊन अम्माऊस गावाकडे चालले आहेत, पुन्हा उठलेला येशू त्यांना गाठतो, ते त्याला ओळखत नाहीत, आणि तो विचारतो की तुम्ही कशाविषयी बोलत आहात. त्यांतला क्लयपा आश्चर्याने म्हणतो की यरुशलेमेत घडलेले तुला एकट्यालाच कसे ठाऊक नाही, त्यावर येशू पुन्हा विचारतो, "कोणत्या गोष्टी?" ज्याच्यावर ते सारे गुदरले, त्यालाच ते ठाऊक नसणार होय! तरीही तो त्यांना त्यांच्या शब्दांत सगळे बोलू देतो, 'आम्हांला आशा होती' हे हताश वाक्यसुद्धा पुरे करू देतो, आणि शास्त्राचा उलगडा करायला त्यानंतर सुरुवात करतो. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो, कारण आपण बहुतेक जण बरोबर उलटे करतो : समोरच्याचे दुःख अर्धे ऐकतो आणि वचन पुढे सरकवतो.

ही रीत नवी नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या तपस्व्यांकडे लोक मनातले विचार उघड करायला जात, आणि त्या ज्येष्ठांमध्ये सिंक्लेटिकेसारख्या स्त्रियाही होत्या. बाराव्या शतकात इंग्लंडमधील रिव्हो मठाचे प्रमुख एल्रेड यांनी आध्यात्मिक मैत्रीविषयी लिहिताना आरंभीच म्हटले आहे की तू आणि मी इथे आहोत, आणि तिसरा ख्रिस्त आपल्यामध्ये आहे अशी मी आशा करतो. त्या तिसऱ्याचे भान सुटले, तर उरते ती दोन माणसांची गप्पागोष्ट. ती चांगली असेल, पण तू जे शोधतेस ते ती नव्हे.

तुझ्या कोरडेपणाविषयी येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्याकडून काही घेण्यासारखे आहे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी शौर्यकथा मागितल्या. त्या घरात नव्हत्या. मिळाले ते ख्रिस्ताचे आणि संतांचे चरित्र. हळूहळू त्यांच्या ध्यानात आले की दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगवताना मजा वाटते, पण मागाहून मन रिते होते. संतांसारखे जगण्याचा विचार केला, तर आनंद नंतरही टिकून राहतो. या साध्या निरीक्षणातून पुढे त्यांची 'आध्यात्मिक साधना', म्हणजे प्रार्थना-मननाचा क्रम सांगणारी पुस्तिका, आकाराला आली, जिला पोप पॉल तिसरे यांनी १५४८ साली मान्यता दिली. त्यांचा एक नियम तू आजपासूनच पाळावास असे मला वाटते : मन उदास व कोरडे असताना, आधी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलू नये. तेव्हा सकाळची प्रार्थना सोडण्याचा जो विचार तू लिहिला आहेस, तो तूर्त बाजूला ठेव आणि कोणाशी तरी बोल. मनातली खळबळ लपवून ठेवली की तिचा जोर वाढतो, जाणत्या माणसापुढे ती उघड केली की तिची पकड सैल होते, हेही त्यांनीच सांगून ठेवले आहे. मात्र झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच रस उरला नसेल, तर डॉक्टरांकडेही जा. त्यात श्रद्धेची कमतरता मुळीच नाही, आणि चांगला मार्गदर्शक तुला स्वतःच तसे सुचवील.

आता माणूस कसा निवडावा. तो धर्मगुरूच असला पाहिजे असे नाही. सिस्टर, पाळक किंवा प्रापंचिक स्त्रीपुरुषही ही सेवा करतात. धर्मगुरूपुढे पापे कबूल करून क्षमा मिळवण्याचा, म्हणजे पापनिवेदनाचा, संस्कार वेगळा आणि ही भेट वेगळी. सहसा महिन्यातून एकदा, तासाभराची भेट असते, आणि तिथे बोललेले तिथेच राहते. पहिल्या दोन-तीन भेटींनंतर जमत नाही असे वाटले, तर तसे सांगून थांबण्याची मोकळीक दोघांनाही असावी. सोळाव्या शतकातील स्पॅनिश संन्यासिनी, अविलाच्या संत तेरेजा, यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे की त्यांची पापकबुली ऐकणाऱ्या अर्धवट शिकलेल्या धर्मगुरूंनी त्यांचे नुकसान केले. म्हणून नुसता गोड स्वभाव पाहू नकोस, त्या व्यक्तीचे स्वतःचे प्रार्थनाजीवन आणि शिक्षण पाहा. आणि जो तुझ्याकडून आज्ञाधारकपणाची मागणी करतो, घरच्यांपासून तोडू पाहतो, 'देवाने मला तुझ्याविषयी सांगितले आहे' असे म्हणून तुझे निर्णय स्वतः घेतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नकोस, मग त्याची कीर्ती कितीही मोठी असो. हे मी आईच्या काळजीने लिहिते आहे, पण केवळ काळजीपोटी नव्हे. अशाने माणसे कायमची देवापासून दुरावतात.

त्या दोन मुलींविषयी. इग्नेशियस ही साधना दुसऱ्याकडून करवून घेणाऱ्याला सांगतात की त्याने तराजूच्या काट्याप्रमाणे मध्यभागी राहावे, कोणत्याच बाजूला झुकू नये, आणि निर्माणकर्त्याला त्याच्या लेकराशी थेट वागू द्यावे. तू लिहितेस की त्यांपैकी एकीला व्रतस्थ जीवनाची ओढ वाटते आणि तुला ती मनापासून आवडते. नेमके इथेच जप. तुझ्या चेहऱ्यावरचा आनंदसुद्धा तिला एका बाजूला ढकलू शकतो. तिला विचार की हा विचार मनात येतो तेव्हा काय होते, आणि दोन दिवसांनी काय उरते. पवित्र शास्त्रातला मुलगा शमुवेल रात्री देवाची हाक ऐकून ती वृद्ध याजक एलीचीच समजला आणि त्याच्याकडे धावला, पण एलीने त्याला देवाचा निरोप स्वतः दिला नाही. परत जाऊन नीज आणि हाक आली तर 'बोल, तुझा दास ऐकत आहे' असे म्हण, एवढेच सांगितले. तेही एलीच्या लगेच लक्षात आले नव्हते, मुलगा तिसऱ्यांदा उठून आला तेव्हा आले. तुलाही पहिल्या भेटीत सगळे उमगणार नाही. त्या मुलींना तुझ्याकडून उत्तर मिळाले नाही म्हणून तू त्यांना रिकाम्या हाताने पाठवलेस, असे मानू नकोस. त्या गेल्यावर त्यांच्या नावाने प्रार्थना कर, आणि त्यांनी सांगितलेले कोणालाही सांगू नकोस, मलाही नाही. तुझ्या पत्रात जेवढे आले तेवढे पुरे.

औपचारिक प्रशिक्षणाचा विचार पुढे कर, आणि करशील तेव्हा, ऐकणाऱ्यांच्याही सेवेवर देखरेख ठेवणारे कोणी तिथे आहे का, हे आधी विचारून घे. तोवर या महिन्यात स्वतःसाठी एखाद्या मार्गदर्शकाची भेट ठरव. पहिल्या भेटीला जाताना कोरडेपणाविषयी काही टाचण करून नेऊ नकोस. तुझ्या पत्रात तू जसे खोडून पुन्हा लिहिले आहेस, अगदी तसेच बोल. भेट ठरली की मला कळव, त्या दिवशी त्या तासाला मी तुझ्यासाठी प्रार्थनेला बसेन.

तुझी,
आई