सिबिल दुरुस्त करणारा खरा कोण, हे तुम्हीच सांगा : अर्थमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय अर्थमंत्री,
नवी दिल्ली

महोदया,

स. न. वि. वि.

बार्शीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाणबुडी मोटारी बांधून देतो. काही महिन्यांपूर्वी माझ्या मुलीचा शैक्षणिक कर्जाचा अर्ज बँकेनं नामंजूर केला. मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला लागली आहे आणि कॉलेज तुमच्या पीएम विद्यालक्ष्मीच्या यादीतलं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ही योजना मंजूर झाली तेव्हा तारण नको, जामीनदार नको, पैशावाचून हुशार पोराचं शिक्षण अडणार नाही, असं सरकारनं सांगितलं होतं. आम्ही ते खरं धरलं. बँकेत गेल्यावर कळलं की तारण नको, जामीनदार नको, पण बापाचा सिबिल, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली त्याचा गुणांक, लागतो.

बापाचा सिबिल का बिघडला? सहा-सात वर्षांपूर्वी हप्त्यावर फ्रीज घेतला होता. सगळे हप्ते वेळेवर फेडले. फायनान्स कंपनीची कर्ज फिटल्याची एनओसी गोल शिक्क्यासकट फाइलला लावलेली आहे. तरी सिबिलच्या रिपोर्टमध्ये ते खातं ‘राइट ऑफ’, म्हणजे बुडीत धरून निर्लेखित केलेलं, दिसतं आणि २,३४० रुपये थकबाकी. ही रक्कम कसली, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही. कंपनीची इथली शाखा केव्हाच उठली, त्या गाळ्यात आता चपलांचं दुकान आहे. बँकेतल्या साहेबांनी एनओसी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, “कागद खरा आहे हो, पण सिस्टीम घेत नाही.”

तुमच्याच खात्याच्या राज्यमंत्र्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत सांगितलं की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला जुनी नोंद नाही एवढ्यावरून नाकारता येत नाही. माझी मुलगी पहिल्यांदाच मागत होती. केरळ उच्च न्यायालयानं तर २०२३ मध्येच म्हटलंय की विद्यार्थ्याचा सिबिल कमी आहे म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारू नका. साहेबांना दोन्ही सांगितलं. ते हसले. वाईट माणूस नाही, पण हसले.

आता कृपा करून “ऑनलाइन तक्रार करा, मोफत आहे” हे मला सांगू नका. ते सगळं मला पाठ झालंय. कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांसाठी २००५ चा कायदा आहे. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट प्रत्येकीकडून फुकट मिळतो. तक्रार तीस दिवसांत मिटली नाही तर २६ एप्रिल २०२४ पासून रोजचे शंभर रुपये भरपाई आहे. कागदावर झकास आहे. मी तक्रार केली. उत्तर आलं की संबंधित संस्थेनं माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे. म्हणजे ज्यानं चूक केली त्यालाच विचारलं, बाबा रे, तू चूक केलीस का? तो म्हणाला नाही. संपली चौकशी. आणि हा नकार तीस दिवसांच्या आत आला, म्हणजे तक्रार ‘निकाली’ निघाली, म्हणजे ते शंभर रुपयेही वाचले. ज्यानं हा नियम लिहिला त्याला माझा साष्टांग नमस्कार.

असं दार बंद झालं की माणूस कुठे जातो? एसटी स्टँडकडे. तिथे विजेच्या खांबापासून रसवंतीच्या भिंतीपर्यंत एकच जाहिरात : ‘सिबिल खराब? चिंता सोडा. ७५० गॅरंटी.’ आता यातला विश्वासाचा कोणता, हे कसं ओळखायचं? मी चौकशी केली. एकाचा दर पॉइंटवर होता. दुसऱ्याकडे ‘सेटल्ड’, म्हणजे तडजोडीनं कमी पैशांत मिटवलेलं कर्ज, ही नोंद काढायचा भाव वेगळा, ‘राइट ऑफ’ काढायचा वेगळा. तिसऱ्याच्या पाटीवर जीएसटी नंबर होता, म्हणून त्याच्याकडे गेलो. सरकारचं म्हणून काही दिसलं ते तेवढंच. त्याच्या कमाईतला वाटा तुम्हाला पोचतो एवढंच त्यावरून कळतं, हे तेव्हा कोण सांगणार!

झेरॉक्सच्या दुकानावर माडी, टेबलावर गणपती, शेजारी रबरबँड लावलेला पॅनकार्डांच्या झेरॉक्सचा गठ्ठा. गठ्ठा चांगला वीतभर जाड होता. त्या पोरानं माझा मोबाइल हातात घेतला, ओटीपी आला तो स्वतःच टाकला, नऊ हजारांतले निम्मे आगाऊ घेतले आणि पावती मागितल्यावर म्हणाला, “काका, काम झाल्यावर एकदमच देतो की.” पुढे कळलं, त्यानं माझ्या खात्याचा ईमेल बदलून स्वतःचा टाकला होता. माझाच रिपोर्ट मलाच उघडेना. आणि काम काय केलं? मी केली होती तीच फुकटची तक्रार त्यानं पुन्हा ठोकली. दुसरं तो काही करूही शकत नव्हता, कारण कर्ज देणाऱ्या संस्थेनं होकार दिल्याशिवाय त्या चारही कंपन्या एक आकडा हलवत नाहीत. मग ‘वरच्या साहेबांना’ द्यायला आणखी पाच हजार लागतील म्हणाला. त्यानंतर फोन बंद. पोलीस ठाण्यात म्हणाले, ओटीपी तर तुम्हीच दिलाय. टीव्हीवर अमिताभ बच्चन रिझर्व्ह बँकेच्या वतीनं सांगतात, सतर्क राहा. राहतो की. पण सतर्क राहून खरं दार कोणतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

आयुर्विम्याचा एजंट व्हायला परीक्षा आहे. शेअरचा सल्ला द्यायचा तर सेबीकडे नोंदणी. फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटालाही महारेराचा नंबर लागतो. माझ्यासारख्या मोटार बांधणाऱ्यालासुद्धा शेतकरी आधी जळालेलं वाइंडिंग दाखवायला लावतो, तार किती किलो भरली ते वजनकाट्यावर बघतो आणि मोटार पाणी उचलायला लागल्यावरच उरलेले पैसे देतो. आणि जो माणूस लोकांचा आधार, पॅन, ओटीपी आणि अब्रू हातात घेऊन बसतो, त्याला शॉप अ‍ॅक्टपलीकडे काही लागत नाही? मेव्हण्याचा मुलगा न्यू जर्सीत असतो. तो म्हणाला, तिकडे १९९६ पासून यासाठी वेगळा कायदा आहे : काम पूर्ण होण्याआधी पैसे घ्यायचे नाहीत, करार लेखी हवा, तीन दिवसांत ग्राहक तो रद्द करू शकतो. आपल्याकडे सगळ्यात मोठी मागणी या सिबिल दुरुस्तीलाच असेल, आमच्या गल्लीत निम्म्या घरांचा सिबिल कशा ना कशानं अडलाय. देशाचा आकडा काढायला तुमच्याकडे माणसं आहेत, काढा.

आणि आता बोलतोच आहे तर पुढचंही ऐका. मार्च २०२५ मध्ये तुम्हीच लोकसभेत सांगितलंत की दहा वर्षांत बँकांनी १६.३५ लाख कोटींची बुडीत कर्जं निर्लेखित केली. माणशी अकरा-साडेअकरा हजार होतात. आमच्या घरात पाच माणसं, म्हणजे पन्नास हजारांच्या वर आमच्या डोक्यावर. निर्लेखित म्हणजे माफ नव्हे, वसुली चालू असते, असंही तुम्ही सांगता. असेल. जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं मुद्दाम कर्ज बुडवणाऱ्यांशीसुद्धा तडजोड करायची मुभा बँकांना दिली. त्यांच्यापैकी कुणाची मुलगी फीसाठी बँकेच्या काउंटरवर उभी होती का? त्यांना झेरॉक्सच्या माडीवर जावं लागलं का? त्यांच्याकडे वकील असतात, न्यायाधिकरण असतं, बैठका होतात. माझ्या नावावर २,३४० रुपये आहेत, तेही मी देणं लागत नसलेले.

इथे शेतकऱ्यांचंही तेच. मुख्यमंत्र्यांनी मे २०२५ च्या बैठकीत बँकांना बजावलं, पीककर्जाला सिबिल मागू नका. माझी गिऱ्हाइकं सांगतात, बँकवाले तोंडानं मागत नाहीत, आतून बघतात. त्यांचं पीककर्ज अडलं की माझी उधारी अडते. दुकानात सात-आठ मोटारी बांधून तयार पडल्यात, न्यायला कुणाकडे पैसे नाहीत. उधारी अडली की माझा दुकानाचा हप्ता लांबतो आणि मग माझाच सिबिल, यावेळी खरोखरचा, घसरतो. वर महावितरण रात्री-अपरात्री कमी दाबाची वीज सोडतं आणि मोटारी जाळतं, तेवढाच आमचा धंदा चालतो म्हणायचं.

मागणं फार नाही. सिबिल दुरुस्तीचा धंदा करणाऱ्याला रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी सक्तीची करा आणि कामाआधी पैसे घेणाऱ्याला आत टाका. कर्ज फिटल्याची एनओसी दाखवली की नोंद आधी निघाली पाहिजे. कंपनीला हरकत असेल तर पुरावा तिनं द्यावा, आणि निवाडा तिनं स्वतः नाही, तिसऱ्या कुणीतरी करावा. हे जमलं तर स्टँडवरच्या पाट्या आपोआप उतरतील, नोंदणीचीही फारशी गरज राहणार नाही. आणि माझ्या मुलीच्या फीची मुदत या महिनाअखेर संपते, त्याचं काय ते तुमच्या योजनेच्या अधिकाऱ्यांना विचारून कळवा. उत्तर मराठीत द्या. मागच्या वेळी तुमच्या पोर्टलवरून आलेलं इंग्रजी पत्र वाचायलाही त्या माडीवरच जावं लागलं होतं.

आपला,
एक मोटार रिवाइंडिंगवाला,
बार्शी, जि. सोलापूर

ता. क. : या पत्राची प्रत रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांनाही पाठवत आहे. तिथला अर्ज भरून देणारे एजंट बार्शीत अजून दिसले नाहीत. एखाद्या महिन्यात दिसतील.