तेफळांबद्दल आभार, काकी

ती. काकींना सा. नमस्कार.

चवथ (गणेशचतुर्थी) होऊन पंधरा दिवस झाले, तुमचा डबा अजून माझ्याकडेच आहे. समोर येऊन आभार मानले तर "पुरे गो" म्हणून तुम्ही विषय उडवाल, म्हणून चारचौघांत लिहितेय.

आईची वही तुम्ही पाहिलीत. मजकूर मराठीत, पदार्थांची नावं कोंकणीत आणि प्रमाणं कुठल्याच भाषेत नाहीत. आई गेल्यावर चवथीचा स्वयंपाक पहिल्यांदाच माझ्या हाती आला. खतखत्याच्या (डाळ घातलेल्या मिश्र भाजीच्या) पानावर 'खोबरं, मिरच्या, हळद, तेफळां' (तेफळां म्हणजे तिरफळं) एका ओळीत लिहिलेलं, म्हणून मी सगळंच मिक्सरात फिरवलं, तेफळं बियांसकट! चव कडवट आणि दातांखाली कचकच. नैवेद्याला उरला होता दीड तास.

तुम्ही आलात, टोपात डोकावलात. "तेफळां वांटपाचीं न्हय गो बाये," एवढंच म्हणालात आणि सुरण चिरायला बसलात. कणगी (कंद), मशिंगाच्या म्हणजे शेवग्याच्या शेंगा, मक्याची कणसं तुमच्याच घरून आली. तूरडाळ शिजली, नवं वाटण पडलं. मी मिरवत खोला गावची मिरची पुढे केली, २०२० साली भौगोलिक मानांकन मिळालेली. "रंगाक बरी," म्हणत तुम्ही चारच घेतल्यात. मग तेफळं तळहातावर घेऊन काळ्या बिया निवडून टाकल्यात, टरफलं नुसती चेचलीत आणि वाटीभर पाण्यात घालून ते पाणी टरफलांसकट अगदी शेवटी टोपात ओतलंत. सोलं (आमसुलं), गूळ, एक उकळी. घरभर आईच्या चवथीचा वास आला.

लहानपणापासून मी ती टरफलं पानाच्या कडेला काढून ठेवत आलेय. वाटलेली असती तर काढता कशी आली असती? इतकं साधं, पण कधी डोक्यात आलं नाही.

हळदीच्या पानात उकडायच्या गोड पातोळ्यांचंही तेच. माझं पीठ हळदीच्या पानावर जाड बसत होतं. तुम्ही ओल्या बोटांनी असं पसरलंत की पानाच्या शिरा दिसत होत्या. (पलीकडच्या ख्रिस्ती घरातून १५ ऑगस्टला आलेल्या पातोळ्याही अशाच पातळ होत्या. माझ्याच जाड!)

वहीत आईच्या ओळीखाली पेन्सिलीने लिहून ठेवलंय: 'बिया काढून, चेचून, शेवटी.'

रविवारी डबा घेऊन येते. रिकामा नाही, खतखतं घालून. तेफळं नऊ घालणार आहे. जास्त वाटली तर तोंडावर सांगा.

तुमची शेजारीण,
फोंडा