फायबरच्या होड्यांना सिमेंटच्या भट्टीशिवाय दुसरी वाट द्या

प्रति,
मा. केंद्रीय पर्यावरण, वने व हवामान बदल मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

कोकणातल्या मासेमारी बंदरांच्या कडेला फायबरच्या जुन्या होड्या टाकून दिलेल्या दिसतात. लाकडी होडी मोडली तर फळ्या कामी येतात, लोखंडाला भंगारात भाव मिळतो. फायबरला भंगारवाला हात लावत नाही. फायबर म्हणजे काचतंतू आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन, आधी पातळ असलेलं प्लास्टिक. हे रेझिन थर्मोसेट जातीचं. हार्डनर, म्हणजे घट्ट करणारं रसायन, घालून एकदा घट्ट झालं की कितीही तापवा, वितळत नाही, करपतं. तडा गेला तर कारागीर ग्राइंडरने कडा घासतो, काचतंतूंची मॅट बसवतो, वर नवं रेझिन चढवतो. पण ते ठिगळच. होडी कायमची निकामी झाली की तेही संपतं.

२०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी थर्मोसेटचा निपटारा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांवर सोपवला. त्या सूचनांचा भर सिमेंटच्या भट्टीत जाळण्यावर आहे. वापरून झालेल्या मालाच्या कचऱ्याचा भार उत्पादकावर टाकणारी २०२२ ची ‘उत्पादकांची वाढीव जबाबदारी’ तर प्लास्टिक पॅकेजिंगपुरतीच. होडी किंवा फायबरचंच असलेलं पवनचक्कीचं पातं तिच्यात बसत नाही.

आता दुसरी वाट दिसते आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाच्या संशोधकांनी असं प्लास्टिक दाखवलं, ज्याचे रेणू थर्मोसेटसारखेच एकमेकांना जाळीसारखे जोडलेले असतात, पण त्यांना जोडणारे बंध प्रकाश पडताच जागा बदलतात. उजेड आहे तोवर घट्ट पदार्थ नवा आकार धरतो, उजेड थांबला की तसाच राहतो. २०११ मध्ये दुसऱ्या एका गटाने वेगळ्या जातीच्या पॉलिमरवरचे, म्हणजे लांब रेणूसाखळ्यांच्या पदार्थावरचे, ओरखडे अतिनील प्रकाशाने मिनिटभरात बुजवले. तिथे प्रकाशाची उष्णता होऊन धातूने जोडलेले दुवे सुटतात आणि पुन्हा जुळतात.

अडचणी आहेतच. जाड, अपारदर्शक फायबरच्या आत प्रकाश पोचत नाही. शिवाय होडी दिवसभर उन्हात असते, त्या उन्हाने बंध सैल होऊन कसं चालेल? म्हणून सुरुवात पातळ थरांपासून, होडीच्या जेलकोटपासून, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत रेझिनच्या थरापासून, व्हावी. खाऱ्या पाण्यात आणि कोकणच्या उन्हात त्याची वर्षानुवर्षं कसोटी घ्यावी लागेल. खासगी कंपनी एवढा धीर धरणार नाही, तो सरकारनेच धरायला हवा.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमरची जाणकार मंडळी आहेत. त्यांना आणि एखाद्या मासेमारी बंदराला जोडून या कसोटीसाठी निधी द्या. थर्मोसेटच्या सूचनांमध्ये भट्टीच्या आधी दुरुस्ती आणि पुनर्प्रक्रियेला जागा द्या. आणि नवी होडी विकणाऱ्यावर ती निकामी झाल्यावर परत घेण्याची जबाबदारी टाका, म्हणजे निदान निकामी होड्यांचा हिशेब तरी सुरू होईल.

आपला,
किनाऱ्यावरचा एक रहिवासी